विश्लेषण : संडे स्कूलचा शिक्षक नास्तिक का झाला? चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा शपथेसाठीचा लढा काय होता?

निवडून आलेला आमदार वा खासदार पदाची शपथ घेतो तेव्हा त्याच्यासमोर दोन पर्याय असतात. ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची, किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करायचे. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी आहेत. कोणी कोणता निवडला, याची दुसऱ्या दिवशी फारशी चर्चाही होत नाही. ब्रिटनच्या संसदेत मात्र याच प्रश्नावरून एका लोकप्रतिनिधीला जवळपास सहा वर्षे झगडावे लागले. मतदारांनी त्यांना पाच वेळा निवडून दिले, तरी सभागृह त्यांना बसू देत नव्हते. त्यांचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. लहानपणी ते चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवत असत. पुढे ते इंग्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध नास्तिक कसे झाले, त्याची त्यांना काय किंमत मोजावी लागली आणि मुंबईशी त्यांचा काय संबंध आला, याविषयी…

चार्ल्स ब्रॅडलॉ कोण होते?

ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनच्या पूर्व भागातील हॉक्स्टन येथे झाला. वडील एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. घरची परिस्थिती बेताची होती. चार्ल्सची शाळा अकराव्या वर्षाच्या सुमारास सुटली आणि तो वडिलांच्याच कचेरीत निरोप पोहोचवणारा पोऱ्या म्हणून लागला. पुढे त्याला एका कोळसा व्यापाऱ्याकडे कारकुनाची नोकरी मिळाली. रविवारी तो नेमाने चर्चमध्ये जाई. अभ्यासू आणि चुणचुणीत असल्याने तिथल्या संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवण्याचे कामही त्याच्याकडे आले होते. म्हणजे घरात धर्माविषयी अनास्था होती किंवा मुलगा वाया गेला होता, असे काही नव्हते.

श्रद्धेला पहिला तडा कशाने गेला?

लंडनचे बिशप दृढीकरणाच्या विधीसाठी त्या भागात येणार होते. बाप्तिस्मा झालेला मुलगा जाणत्या वयात आपल्या श्रद्धेची स्वतः कबुली देतो, असा हा विधी. बिशपपुढे उभे राहण्यासाठी चार्ल्सने चांगली तयारी करावी, असे चर्चचे धर्मगुरू जॉन पॅकर यांनी सांगितले. तेव्हा चार्ल्स चौदा-पंधरा वर्षांचा होता. त्याने तयारी मनापासून केली. इंग्लंडच्या चर्चची अधिकृत मते सांगणारी ३९ कलमे एका बाजूला आणि बायबलमधील चार शुभवर्तमाने दुसऱ्या बाजूला ठेवून त्याने ती ताडून पाहिली. दोन्हींचा मेळ बसेना. मग त्याने पॅकर यांना पत्र लिहून या विसंगतींचा उलगडा करण्याची विनंती केली.

उत्तर त्याला मिळालेच नाही. पॅकर यांनी मुलाच्या वडिलांना कळवले की त्याची चौकशी नास्तिकपणाची आहे, आणि त्याला संडे स्कूलच्या कामातून तीन महिने दूर केले.

या शिक्षेने उलटाच परिणाम साधला. रविवार मोकळा झाल्याने चार्ल्स जवळच्या बॉनर्स फील्ड्स या मैदानात जाऊ लागला. तिथे दर रविवारी कामगार, सुधारक, धर्मप्रचारक आणि धर्मचिकित्सक यांच्या उघड्यावर चर्चा चालत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, तिथेही तो सुरुवातीला ख्रिस्ती धर्माच्या बाजूनेच वाद घालत असे. त्या वादांतच आपली बाजू लंगडी पडते आहे, असे त्याला वाटू लागले. नास्तिक हा शिक्का आधी बसला, मते त्यानंतर बदलली.

घर का सोडावे लागले?

मुलाचे मैदानातील वाद पॅकर यांच्या कानावर गेले. वडिलांवर आणि नोकरी देणाऱ्या मालकावर दबाव आला. मते बदलण्यासाठी चार्ल्सला तीन दिवसांची मुदत मिळाली. बदलली नाहीत तर नोकरी जाणार आणि घरही सुटणार. तिसऱ्या दिवशी तो घराबाहेर पडला. वय होते सोळा.

त्याला आसरा दिला तो एलिझा शार्पल्स यांनी. मुद्रणस्वातंत्र्यासाठी अनेक वर्षे तुरुंगात काढलेले मुक्तविचारवादी रिचर्ड कार्लाइल यांच्या त्या सहचारिणी. तेव्हा त्या स्वतःच हलाखीत होत्या. चार्ल्स दलालीवर कोळसा विकू लागला. त्याचे मोठे गिऱ्हाईक एक बेकरीवाला होता. मुलाच्या मतांविषयी ऐकल्यावर बेकरीवाल्याच्या बायकोने कोळसा घेणे बंद केले. या कोळशावर भाजलेल्या पावांना नरकातल्या गंधकाचा वास लागेल, अशी तिची भीती होती. हा किस्सा आज हसू आणतो, पण त्या पोराचे पोट त्या दलालीवर होते. कर्ज वाढले तसा डिसेंबर १८५० मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि आयर्लंडला गेला. तिथे जमीनदार गरीब कुळांना घराबाहेर काढताना त्याने पाहिले. नात्यातील एका वृद्धेने मागे ठेवलेल्या पैशांतून १८५३ मध्ये त्याने सैन्यातून सुटका करून घेतली आणि लंडनला परतून वकिलाच्या कचेरीत नोकरी धरली.

ख्रिस्ती धर्म सोडणाऱ्यांची कारणे एकच असतात का?

नाही. त्याच काळातील आणखी दोन प्रसिद्ध व्यक्तींकडे पाहिले तर हे स्पष्ट होते. ब्रॅडलॉ यांची सुरुवात ग्रंथापासून झाली. धर्मग्रंथात एक आणि चर्चच्या कलमांत दुसरेच का, हा त्यांचा प्रश्न होता. ॲनी बेझंट या स्वतः एका धर्मगुरूच्या पत्नी. त्यांची सुरुवात दुःखापासून झाली. तान्ही मुलगी आजाराने तडफडत असताना, दयाळू ईश्वर निष्पाप बाळाला हे का भोगायला लावतो, या प्रश्नाने त्यांना घेरले. मग त्यांनी धर्मशास्त्राचे वाचन सुरू केले आणि शंका वाढतच गेल्या. चर्चमधील प्रभुभोजनाचा विधी घेण्यास त्यांनी नकार दिला आणि १८७३ मध्ये त्यांना पतीचे घर सोडावे लागले.

तिसरे उदाहरण चार्ल्स डार्विन यांचे. तरुणपणी ते धर्मगुरू होण्यासाठी केंब्रिजमध्ये शिकत होते. त्यांची श्रद्धा एका झटक्यात गेली नाही, वर्षानुवर्षे विरत गेली. सृष्टीविषयीचे संशोधन हे एक कारण होतेच, पण श्रद्धा न ठेवणाऱ्या माणसांना, म्हणजे स्वतःचे वडील, भाऊ आणि जवळचे मित्र यांनाही, कायमची शिक्षा होते ही शिकवण त्यांना पटत नव्हती. १८५१ मध्ये दहा वर्षांची लाडकी मुलगी गेली, तो घाव वेगळा. डार्विन स्वतःला नास्तिक न म्हणता अज्ञेयवादी म्हणवत. म्हणजे ईश्वर आहे की नाही हे आपल्याला कळू शकत नाही, असे मानणारा.

ग्रंथातील विसंगती, जगातील दुःख आणि नरकाच्या शिकवणीविषयीचा नैतिक आक्षेप ही तीन कारणे त्या शतकातील असंख्य चरित्रांत पुन्हा पुन्हा दिसतात. ब्रॅडलॉ यांच्या बाबतीत चौथेही होते. प्रश्न विचारणाऱ्याला धर्मसंस्था काय वागणूक देते, हे. पॅकर यांनी त्या पत्राला नीट उत्तर दिले असते, तर तो मुलगा ख्रिस्ती राहिलाच असता असे म्हणता येत नाही. पण प्रश्न हाच गुन्हा ठरल्यावर त्याच्यासमोर दोनच वाटा उरल्या. गप्प बसणे किंवा बाहेर पडणे.

ब्रॅडलॉ यांचा नास्तिकवाद नेमका काय होता?

दिवसा कचेरीतील काम आणि संध्याकाळी व्याख्याने, असा त्यांचा क्रम सुरू झाला. नोकरीला धक्का लागू नये म्हणून ते मूर्तिभंजक अशा अर्थाच्या टोपणनावाने बोलत आणि लिहीत. १८६० मध्ये नॅशनल रिफॉर्मर हे साप्ताहिक सुरू झाले, त्याचे ते संपादक झाले. १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष.

ईश्वर नाहीच, असे ठामपणे सांगणे म्हणजे नास्तिकता, असे ते मानत नव्हते. त्यांचा मुद्दा वेगळा होता. ईश्वर या शब्दाचा स्पष्ट अर्थ कोणी सांगत नाही, तोवर तो शब्द आपल्याला काहीच बोध करून देत नाही, आणि ज्याचा बोधच होत नाही ते नाकारायचे तरी कसे? अशी त्यांची मांडणी होती. हाच युक्तिवाद पुढे संसदेत त्यांच्यावर उलटवण्यात आला.

नास्तिक असण्याची कायदेशीर किंमत काय होती?

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये न्यायालयात साक्ष देण्यासाठी बायबलवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे. ईश्वर आणि मरणोत्तर शिक्षा न मानणाऱ्याची शपथ ग्राह्य नसे. पैशांच्या वसुलीसाठी ब्रॅडलॉ यांनी केलेल्या एका दाव्यात त्यांना हा अनुभव आला. ते नास्तिक असल्याने त्यांची साक्षच घेण्यात आली नाही. या नियमात एक विचित्र विसंगती होती. आपण ईश्वर मानत नाही हे प्रामाणिकपणे सांगणारा साक्षीदार अविश्वसनीय ठरे आणि तेच लपवून खोटी शपथ घेणारा विश्वसनीय. अखेर १८६९ आणि १८७० च्या कायद्यांनी अशा साक्षीदारांना शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली.

दुसरा प्रसंग १८७७ चा. चार्ल्स नोल्टन या अमेरिकी डॉक्टरांची संततिनियमनावरील पुस्तिका ब्रॅडलॉ आणि बेझंट यांनी पुन्हा छापली. अश्लीलतेचा खटला भरला गेला. दोघांना सहा महिन्यांची कैद आणि प्रत्येकी २०० पौंड दंड झाला. अपिलात तांत्रिक मुद्द्यावर ही शिक्षा रद्द झाली. पण बेझंट यांच्यासाठी प्रकरण तिथे संपले नाही. त्यांची नास्तिक मते आणि ही पुस्तिका यांचा आधार घेऊन न्यायालयाने त्यांच्या मुलीचा ताबा वडिलांकडे दिला.

संसदेत नेमके काय घडले?

तीन पराभवांनंतर १८८० मध्ये नॉर्दम्प्टनमधून ब्रॅडलॉ निवडून आले. हे चांभारकामाचे, बूट बनवणाऱ्या कारागिरांचे गाव. ३ मे १८८० रोजी त्यांनी सभागृहात शपथेऐवजी प्रतिज्ञा करू देण्याची विनंती केली. क्वेकर पंथीयांना ही सवलत आधीपासून होती. समितीने ती ब्रॅडलॉ यांना नाकारली. मग त्यांनी कायद्याप्रमाणे शपथ घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा नवी हरकत आली. ईश्वर या शब्दाला यांच्या लेखी अर्थच नाही, तर यांची शपथ खरी कशी मानायची? म्हणजे प्रतिज्ञा करू द्यायची नाही आणि शपथही घेऊ द्यायची नाही. २२ जून रोजी सभागृहाने तसा ठरावच केला.

दुसऱ्या दिवशी सभागृहाबाहेर जाण्यास नकार दिल्यावर त्यांना अटक झाली. आज बिग बेनमुळे जगाला माहीत असलेल्या घड्याळाच्या मनोऱ्यातील कोठडीत त्यांनी एक रात्र काढली. जुलैमध्ये त्यांना स्वतःच्या कायदेशीर जबाबदारीवर प्रतिज्ञा करू देण्यात आली. ते कामकाजात भाग घेऊ लागले. पण मार्च १८८१ मध्ये न्यायालयाने ही प्रतिज्ञा अवैध ठरवली आणि जागा रिकामी झाली. नॉर्दम्प्टनने त्यांना पुन्हा निवडून दिले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी ते सभागृहात शिरू लागले, तेव्हा पोलिसांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना ओढत बाहेर काढले. ते धिप्पाड होते. झटापटीत त्यांचा कोट फाटला. फेब्रुवारी १८८२ मध्ये त्यांनी नवा करार हातात घेऊन स्वतःच शपथ वाचली. त्यांना काढून टाकण्यात आले. मतदारांनी पुन्हा निवडून दिले. १८८४ मध्ये हेच पुन्हा घडले.

सगळे ख्रिस्ती त्यांच्या विरोधात होते का?

या लढ्याकडे श्रद्धावंत विरुद्ध नास्तिक असे सरळ पाहता येत नाही. इंग्लंडचे चर्च आणि कॅथलिक कार्डिनल मॅनिंग यांचा विरोध तीव्र होता. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मात्र या वादात सरकारला कोंडीत पकडण्याची राजकीय संधी साधली. दुसरीकडे ब्रॅडलॉ यांना निवडून देणारे मतदार बहुतांशी ख्रिस्तीच होते.

पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन हे तर कमालीचे धर्मनिष्ठ. ब्रॅडलॉ यांची मते त्यांना मुळीच आवडत नव्हती. तरीही १८८३ मध्ये त्यांच्या सरकारने सर्वांना प्रतिज्ञेचा पर्याय देणारे विधेयक आणले. मतांमुळे कुणाचा नागरी हक्क हिरावला जाऊ नये आणि धर्माची प्रतिष्ठा अशा सक्तीने वाढत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे विधेयक २९२ विरुद्ध २८९, अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले.

याआधी कॅथलिकांना आणि ज्यूंनाही शपथेतील शब्दांमुळेच संसदेबाहेर ठेवले गेले होते. ज्यू असलेले लायोनेल रॉथ्सचाइल्ड १८४७ मध्ये निवडून आले, पण सभागृहात बसायला त्यांना १८५८ उजाडले. दार एकेका गटासाठी उघडत गेले. नास्तिक त्या रांगेत शेवटी होते.

शेवटी तोडगा कसा निघाला?

१८८५ च्या निवडणुकीत ब्रॅडलॉ पाचव्यांदा विजयी झाले. १३ जानेवारी १८८६ रोजी नव्या संसदेचे अध्यक्ष आर्थर पील यांनी कोणाचीही हरकत ऐकून न घेता त्यांना शपथ घेऊ दिली. निवडून आलेल्या सदस्याला शपथ घेण्यापासून रोखण्याचा अधिकार अध्यक्षांनाही नाही आणि इतर सदस्यांनाही नाही, अशी त्यांची भूमिका होती. आत गेल्यावर ब्रॅडलॉ यांनी स्वतःच विधेयक मांडले आणि १८८८ मध्ये शपथ कायदा मंजूर झाला. ज्याला धार्मिक श्रद्धा नाही आणि ज्याच्या श्रद्धेलाच शपथ मान्य नाही, अशा दोघांनाही न्यायालयात आणि संसदेत प्रतिज्ञेचा पर्याय मिळाला. नास्तिकाने आणलेला कायदा श्रद्धावंतांच्याही कामी आला.

मुंबईशी त्यांचा संबंध काय?

भारताच्या प्रश्नांवर ते संसदेत इतके बोलत की त्यांना भारताचे सदस्य असे म्हटले जाई. डिसेंबर १८८९ मध्ये काँग्रेसचे पाचवे अधिवेशन मुंबईत भरले. अध्यक्ष विल्यम वेडरबर्न होते. नुकत्याच मोठ्या आजारातून उठलेले ब्रॅडलॉ त्यासाठी समुद्रप्रवास करून आले. त्या वर्षी प्रतिनिधींची संख्याही योगायोगाने १,८८९ होती. कायदे मंडळांत लोकनियुक्त सदस्य असावेत, या मागणीचा आराखडा तिथे चर्चिला गेला. परतल्यावर ब्रॅडलॉ यांनी त्या आधारे संसदेत विधेयक मांडले.

त्या काळात महाराष्ट्रातही धर्म आणि विवेक यांवर घनघोर वाद सुरू होते. पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांचे सुधारक सुरू होऊन वर्ष झाले होते. मुंबईच्या त्याच अधिवेशनात पंडिता रमाबाईही प्रतिनिधी होत्या. ब्राह्मण घरात जन्मलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. ब्रॅडलॉ यांनी तो इंग्लंडमध्येच सोडला होता. एकीने तो धर्म विचारपूर्वक जवळ केला, दुसऱ्याने विचारपूर्वक दूर केला. जन्माने मिळालेल्या धर्माला प्रश्न विचारल्याबद्दल दोघांनाही आपापल्या समाजाचा रोष पत्करावा लागला.

योगायोग पाहा, १८८९ मध्येच ॲनी बेझंट नास्तिकता सोडून थिऑसॉफीकडे वळल्या. ब्रॅडलॉ यांना ते पटले नाही. पुढे बेझंट भारतात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. एकाच दारातून बाहेर पडलेली माणसे पुढे एकाच वाटेने जातात असे नाही.

अखेर कशी झाली?

जानेवारी १८९१ मध्ये ब्रॅडलॉ मरणशय्येवर होते. २७ जानेवारी रोजी हाऊस ऑफ कॉमन्सने त्यांना रोखणारा २२ जून १८८० चा ठराव आपल्या नोंदींतून काढून टाकला. ही बातमी समजण्याइतकी शुद्ध त्यांना नव्हती. ३० जानेवारीला त्यांचे निधन झाले. शेवटच्या क्षणी त्यांनी पश्चात्ताप केला, अशा अफवा पसरल्या. असे काही होणार, हे ओळखून त्यांची कन्या हायपेशिया यांनी वडिलांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेकडून लेखी निवेदन घेऊन ठेवले होते. आजारपणात ते धर्माविषयी काहीच बोलले नाहीत, अशी त्यात नोंद होती.

लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांना कोणत्याही विधीविना, भाषणांविना मूठमाती देण्यात आली. लंडनमधील भारतीय मोठ्या संख्येने आले होते. त्यांत कायद्याचे शिक्षण घेणारा एकवीस वर्षांचा मोहनदास गांधी हा विद्यार्थीही होता. नास्तिकतेविषयी गांधीजींचे मत त्या दिवसानंतरही प्रतिकूलच राहिले, हे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. तिथे आणखी एक नोंद आहे. अखेरचा निरोप द्यायला काही ख्रिस्ती धर्मगुरूही आले होते.